सड्यावर झाडू मारण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा. दक्षिण कोकणातलं किनाऱ्यालगतचं गाव. वर सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, कातळात कोरलेली माणसं-जनावरं दिसली आहेत. देवळाच्या मागे दोन वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणशिळा) आहेत, वाडीत घोडेबाव म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर आहे आणि खाडीच्या तोंडावर पडक्या तटाचा तुकडा उभा आहे. मे महिन्यात चाकरमानी आले की श्रमदान करायचं, चित्रांच्या रेषा चुन्याने उठावदार करायच्या, भोवती चिऱ्याची, म्हणजे जांभ्याच्या ठोकळ्यांची भिंत घालायची आणि मग पर्यटकांना बोलवायचं. सुरुवात कुठून करावी?

चुन्याच्या रेषा आणि चिऱ्याची भिंत ही दोन कामं यादीतून आधी काढून टाका. बाकीच्यांचं बघता येईल. ऊन, पाऊस, गुरं यांतून शेकडो-हजारो वर्षं तगलेली वस्तू एका रविवारच्या हौसेत जाऊ शकते, आणि ती हौस नेहमी चांगल्या मनानेच केलेली असते. म्हणून आधी नोंद, मग पाण्याची वाट, मग माणसांची वाट. वस्तूला हात सगळ्यात शेवटी, आणि बहुतेक वेळा लावायची गरजच पडत नाही.

सड्यापासून सुरू करू, कारण तुमच्या चार ठिकाणांत नाजूकही तेच आणि बेवारसही तेच.

जांभ्याच्या सड्याचा वरचा थर लोहाच्या अंशाने घट्ट झालेलं कवच असतं, खाली दगड मऊ आणि सच्छिद्र होत जातो. कोरणाऱ्यांनी या कवचाचाच उपयोग केला. काही ठिकाणी आकृतीची बाह्यरेषा खोदलेली असते, काही ठिकाणी आजूबाजूचा दगड काढून आकृती उठावात ठेवलेली असते. खोली साधारण बोटाच्या एका-दोन पेरांएवढी, क्वचित जास्त. एवढ्याशा खोलीवर सगळं चित्र उभं आहे हे लक्षात ठेवा. कवच एकदा फुटलं, वणव्याने तडकलं किंवा तारेच्या ब्रशने घासलं गेलं की खालचा मऊ दगड दोन-चार पावसाळ्यांत कणाकणाने सुटायला लागतो.

दिसलं ते खरोखर कोरलेलं आहे का, याची खात्री आधी करा. जांभ्यात नैसर्गिक खळगे भरपूर असतात, पण त्यांचे काठ वेडेवाकडे आणि तळ ओबडधोबड असतो. कोरलेल्या रेषेची रुंदी बऱ्यापैकी एकसारखी राहते आणि वळणं सलग जातात. अगदी सरळ, समांतर, काटकोनी खाचा दिसल्या तर त्या बहुधा चिरे काढायच्या प्रयत्नाच्या असतात. दोन ओळींत शेजारी शेजारी वाट्यांसारखे खळगे असतील तर तो जुना पटखेळ असू शकतो, किल्ल्यांच्या पायऱ्यांवरही असे दिसतात. तो प्रागैतिहासिक नसला तरी नोंदवाच. आणि गुराख्यांना विचारा. सडा त्यांच्याइतका कोणी पायाखाली घातलेला नसतो. मालवण तालुक्यातल्या कुडोपीला जिथे अशी चित्रं आहेत त्या जागेला लोक ‘बावल्यांचं टेंब’ म्हणत आले आहेत, अभ्यासक तिथे पोचायच्या कितीतरी आधीपासून. तुमच्याही सड्याला पांडवांचं, राक्षसाचं, बाहुल्यांचं असं काही नाव आहे का ते म्हाताऱ्या माणसांकडून लिहून घ्या. तीही नोंदच.

आता उजेड. भर दुपारी सड्यावर उभं राहून ‘इथे काहीच दिसत नाही’ म्हणणारे नेहमी भेटतात, आणि त्यांचं खरंही असतं. दक्षिण कोकणात मेच्या पहिल्या पंधरवड्यात दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो, सावलीच पडत नाही, आणि सावली नाही तर उथळ रेषाही नाही. मग कोणीतरी खडू आणतं. त्यापेक्षा सूर्योदयानंतरचा पाऊण तास आणि सूर्यास्ताआधीचा पाऊण तास धरा. याहून उत्तम म्हणजे रात्र. अंधार पडल्यावर एकाने बऱ्यापैकी प्रखर टॉर्च जमिनीलगत धरायचा, कातळाला जवळजवळ घासून जाईल इतका तिरका, आणि चित्राभोवती हळूहळू फिरायचं. दिवसा चार रेषा दिसत होत्या तिथे अख्खं जनावर शेपटीसकट उभं राहतं. कॅमेरा तिपाईवर एका जागी ठेवून टॉर्चच्या आठ-दहा दिशांनी आठ-दहा फोटो घ्या. एका दिशेच्या उजेडात त्या दिशेला समांतर असलेल्या रेषा लपतात, म्हणून एका फोटोवर विसंबू नका. रात्री सड्यावर पायात बूट आणि हातात काठी हवी, हे कोकणात वेगळं सांगायला नको.

खडू, रांगोळी, चुना, ऑइलपेंट यांपैकी काहीही रेषांत भरायचं नाही, यामागे दोन कारणं आहेत. पहिलं दगडाचं. जांभा स्पंजासारखा आहे. पांढरी पूड भोकांत शिरते, पावसाने काही वाहून जाते आणि काही तिथेच घट्ट बसते. चुन्याचा तर पापुद्राच धरतो. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. रेषा भरणारा माणूस त्याला जे दिसलं तेच भरतो. त्याला हत्ती दिसला की तो सोंड पुरी करून टाकतो. पुढचा प्रत्येक पाहणारा मग त्याचीच सोंड बघतो, आणि मुळात तिथे दुसरंच काही असलं तर ते कायमचं गेलं. राजापूर तालुक्यातल्या कशेळीचा सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद हत्ती बघा. त्याच्या पोटात आणि आजूबाजूला मासे, पक्षी, जनावरं अशा कितीतरी लहान आकृत्या आहेत. मोठी बाह्यरेषाच ठळक केली असती तर नजर या लहान आकृत्यांवर गेलीच नसती.

फोटोसाठी रेषा ठळक हवीच असेल तर संगणकावर फोटोच्या प्रतीवर रंगवा, मूळ फोटो वेगळा ठेवा. हे फुकट आहे आणि पुसता येतं.

नोंदीचं साहित्य फार लागत नाही: ३० मीटरची टेप, १ मीटरची पट्टी (१०-१० सेंटिमीटरवर काळी-पांढरी रंगवलेली), होकायंत्र, दोरा, आलेख कागद आणि मोबाइल. आधी प्रत्येक आकृतीला क्रमांक द्या, पण तो वहीत आणि फोटोतल्या पाटीवर. कातळावर क्रमांक रंगवू नका, हे सांगावं लागतं कारण तसं करणारे आहेत. मोबाइलवरून अक्षांश-रेखांश दशांश अंशांत, पाच दशांश स्थळांपर्यंत लिहा. उघड्या आकाशाखाली मोबाइल साधारण ३ ते ५ मीटरपर्यंत बरोबर सांगतो, तेवढं पुरतं. मग आकृतीची सर्वांत जास्त लांबी-रुंदी, रेषेची रुंदी आणि खोली तीन-चार ठिकाणी, आकृतीचं डोकं कोणत्या दिशेला आहे ते, आणि शेजारच्या आकृतीपासूनचं अंतर. होकायंत्राचं वाचन दोन-तीन जागांवर उभं राहून पडताळा. जांभ्यातल्या लोहामुळे ते काही ठिकाणी चुकतं, आणि देवाचे गोठणे इथल्या मनुष्याकृतीजवळ तर ते फसतं म्हणूनच ती जागा प्रसिद्ध आहे. शंका आली तर उत्तर दिशा उपग्रह नकाशावरून घ्या.

चित्र काढायचं तर आकृतीभोवती दोऱ्याची चौकट धरा आणि १ मीटरचे चौकोन पाडा. दोरा बांधायला कातळात खिळे ठोकायचे नाहीत, वाळूने भरलेल्या बाटल्या कोपऱ्यांवर ठेवल्या की भागतं. एक-एक चौकोन आलेख कागदावर १:१० प्रमाणात उतरवा. दोघांनी स्वतंत्रपणे काढून मग ताडून बघा. जिथे दोघांचं जुळत नाही तिथे रेषा तुटक काढा. ही तुटक रेषा प्रामाणिकपणाची आहे, तिची लाज वाटू देऊ नका. त्रिमितीय प्रतिमा करता येणारं कोणी गावात असेल तर उत्तमच, फक्त त्यासाठी उजेड उलटा लागतो. ढगाळ किंवा सावलीतला सारखा प्रकाश, आणि प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा ७० ते ८० टक्के भाग आला पाहिजे. ड्रोन उडवण्याआधी त्या पट्ट्याला परवानगी लागते का ते नागरी विमान वाहतूक खात्याच्या नकाशावर बघा. किनाऱ्यावर नौदल-तटरक्षक दलाच्या जागांमुळे बंधनं असू शकतात.

हे सगळं करायचा चांगला काळ म्हणजे गवत वाळल्यानंतर, दिवाळी ते फेब्रुवारी. तोवर सड्यावर जाऊच नये असं नाही. पहिल्या सरींनंतर रेषांत पाणी साचतं आणि आभाळ त्यात उजळतं, तेव्हा न दिसलेल्या आकृत्या सापडतात. फक्त तेव्हा कातळ बुळबुळीत असतो, आणि श्रावण-भाद्रपदात सीतेच्या आसवांसारखी सड्याची इवलीशी फुलं पायाखाली येतात. ती अशाच पातळ, ओल्या मातीत येतात. सडा ‘साफ’ करताना ती सरसकट उपटायची नाहीत, तीही त्या जागेचाच भाग आहेत.

आता कागद. नोंदवलेली आकृती कोणत्या सर्वे नंबर-हिस्सा नंबरात येते हे गावनकाशावर बसवा आणि सातबारा काढा. इथे बहुतेक गावं अडकतात. सडा म्हणजे गायरान असा समज असतो, पण सातबारा निघाल्यावर कळतं की ती खासगी सामाईक जमीन आहे, पोटखराब (लागवडीला अयोग्य) म्हणून लावलेली, आणि वारस म्हणून वीस-पंचवीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत. मे महिन्यातल्या चाकरमान्यांचा खरा उपयोग इथे आहे. झाडू मारण्यापेक्षा सगळ्या हिस्सेदारांना एकत्र बसवून एका पानाचं संमतिपत्र करून घ्या: या क्षेत्रात चिरेखाण नाही, आंब्याच्या कलमांसाठी सुरुंगाचे खड्डे नाहीत, गाडी नेणार नाही, अभ्यासाला परवानगी. त्यांच्या मनात एकच भीती असते, ‘सरकार जमीन घेणार’. त्यावर सरळ उत्तर द्या. एखादी जागा संरक्षित घोषित झाली म्हणून तिची मालकी आपोआप सरकारकडे जात नाही, पण वापरावर बंधनं येतात, आणि ती खरी बंधनं आहेत. हे लपवून सह्या घेतल्यात तर पुढच्या वर्षी त्याच सह्या तुमच्याविरुद्ध उभ्या राहतील.

मग ग्रामसभेचा ठराव. १ मेची ग्रामसभा सोयीची, मुंबईकर असतात. ठरावात सर्वे नंबर लिहायला विसरू नका. ‘गावातील कातळशिल्पांचे जतन व्हावे’ एवढ्याच ठरावाचा काही उपयोग नाही. एक प्रत तहसीलदारांना द्या, कारण चिरेखाणीचा गौण खनिज परवाना महसूल खात्यातून जातो आणि अर्ज येईल तेव्हा फाइलीत हा सर्वे नंबर आधीच असला पाहिजे. दुसरी प्रत राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या रत्नागिरी विभागाला, सोबत फोटो, मोजमापं आणि नकाशा. राज्याचा कायदा १९६० चा आहे. त्याखाली एखादं ठिकाण संरक्षित करायचं तर आधी प्राथमिक अधिसूचना निघते, हरकतींसाठी दोन महिने दिले जातात आणि मग अंतिम अधिसूचना. प्रत्यक्षात दोन महिन्यांत काही होत नाही, वर्षं जातात, म्हणून गावाची नोंद आणि संमतिपत्र ही तुमची खरी भिंत. कोकणातल्या कातळशिल्पांची ९ ठिकाणं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. ८ महाराष्ट्रातली, १ गोव्यातलं. त्यामुळे सरकारी दारात आता विषय समजावून सांगावा लागत नाही. रत्नागिरी-राजापूर भागात सुधीर रिसबूड आणि निसर्गयात्री संस्थेच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून जो शोध घेतला त्याचा यात मोठा वाटा आहे. तुमच्या नोंदीची एक प्रत अशा अनुभवी अभ्यासकांनाही पाठवा.

आता पाणी. भिंत नको म्हटलं त्याचं कारण हेच. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटर आणि त्याहून जास्त पाऊस पडतो, आणि सड्यावरचं पाणी आडवं धावतं. चित्राला चिकटून चिरा-सिमेंटची भिंत घातली की आतला भाग पावसाळाभर हौद होतो. त्यात गाळ बसतो, गाळावर शेवाळ, शेवाळावर गवत, आणि तीन वर्षांनी रेषांत मुळं. त्यात बांधणाऱ्याने भिंतीचा पाया धरायला कातळ फोडलेला असतो तो वेगळाच. त्याऐवजी सगळ्यात बाहेरच्या आकृतीपासून किमान ५ मीटर सोडून सुट्ट्या दगडांचा गडगा घाला. मातीही नको, चुनाही नको, कमरेपेक्षा कमी उंच. गडग्यातून पाणी झिरपतं, आणि उताराच्या बाजूला दर दोन-तीन मीटरवर हातभर मोकळी फट ठेवली की साचत नाही. दगड बाहेरून आणा. सड्यावर सुटे पडलेले दगड उचलू नका, कारण त्यांत प्रागैतिहासिक दगडी अवजारं असू शकतात, आणि त्यांची जागा बदलली की त्यांची किंमत संपली. जोरदार पावसात एकदा छत्री घेऊन तिथे उभं राहा आणि पाणी कुठून येतं, कुठे थांबतं, कुठून जातं ते कागदावर बाणांनी काढा. वरच्या अंगाने एखादी नवी पायवाट किंवा गाडीची चाकोरी चित्राकडे पाणी वळवत असेल तर ती बुजवणं हेच सगळ्यात मोठं संवर्धन.

साफसफाई म्हणाल तर एवढीच: सुकं गवत विळ्याने वरच्यावर कापा, उपटू नका. कापलेलं गवत तिथे जाळू नका, वणव्याने कातळाचे पापुद्रे सुटतात. उलट जानेवारीत आकृत्यांभोवती दहा-बारा मीटरचा पट्टा गवत कापून मोकळा ठेवा म्हणजे सड्याला आग लागली तरी आत येणार नाही. सुटा पाला मऊ केरसुणीने काढा. माडाच्या हिरांचा खराटा वापरू नका, तो टोकदार असतो. रेषांत घट्ट बसलेली माती काढायची नाही. ती माती म्हणजे कचरा नाही, तिच्या तळाशी काय आहे ते उत्खनन करणाऱ्याने बघायचं असतं. काळे-पांढरे दगडफुलाचे डागही राहू द्या. अॅसिड, ब्लीचिंग पावडर, प्रेशरचा पाइप यांचा विचारही नको.

कातळशिल्पांचं वय किती, हा प्रश्न फलक लिहिताना येणारच. कोरलेल्या दगडात सेंद्रिय काही उरत नाही, त्यामुळे कोळशासारखं थेट कालमापन होत नाही. अंदाज आकृतींवरून, अवजारांवरून, आसपासच्या उत्खननांवरून बांधले जातात आणि ते मध्याश्मयुगापासून इतिहासकाळाच्या आरंभापर्यंत पसरलेले आहेत. म्हणून फलकावर हजारांचा ठोक आकडा नको. ‘आज कोकणात नसलेला गेंडा इथल्या काही चित्रांत दिसतो’ हे वाक्य कोणत्याही आकड्यापेक्षा माणसाला जास्त वेळ उभं करतं.

वीरगळांकडे वळू. आधी ते कशाचे आहेत बघा. जांभ्यात बारीक काम टिकत नाही, म्हणून कोकणातल्या कोरीव शिळा आणि लेख बहुधा काळ्या दगडात असतात, म्हणजे तो दगड कोणीतरी मुद्दाम निवडून आणलेला आहे. वीरगळ खालून वर वाचायचा. तळाच्या चौकटीत लढाई, मध्ये अप्सरा वीराला वर नेतात, वरच्या चौकटीत शिवलिंगापुढे तो बसलेला, आणि माथ्यावर कलश किंवा चंद्र-सूर्य. तळाच्या चौकटीत नाव, वल्ही किंवा शीड दिसतं का ते डोळे लावून बघा. मुंबईत बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर जहाजांची लढाई कोरलेली आहे, किनाऱ्यावरच्या गावाला अशी शक्यता असतेच. आणि शिळेवर गाढव-स्त्रीची आकृती असली तर घाबरून किंवा लाजून ती उलटी करून ठेवू नका. तो गधेगाळ आहे, दान मोडणाऱ्याला दिलेली शिवी, आणि त्याच्या वर बऱ्याचदा लेख असतो. अलिबागजवळच्या अक्षीचा शके ९३४ चा, म्हणजे इ.स. १०१२ चा म्हणून वाचला गेलेला मराठी लेख अशाच गधेगाळावर आहे, आणि तो कित्येक वर्षं रस्त्याच्या कडेला उघड्यावर उभा होता.

लेख असेल तर अक्षरांत रंग भरू नका, पीठ चोळू नका, ओल्या कागदाचा ठसा स्वतः घेऊ नका. झिजलेल्या दगडाचे कण कागदाबरोबर सुटतात. वर सांगितलेली टॉर्चची पद्धत इथे सोन्यासारखी चालते.

शेंदराचा प्रश्न नाजूक आहे. वीरगळ देव म्हणून पुजला जात असेल तर गुरव आणि मानकऱ्यांशी बोलल्याशिवाय बोटसुद्धा लावायचं नाही, आणि शेंदराचं जाड कवच खरवडून ‘मूळ रूप’ काढायचा आग्रह धरायचा नाही. कवचाबरोबर चेहरे निघून येतात. बोलायचंच तर एवढंच बोला की ऑइलपेंट नको, शिळा सिमेंटच्या चौथऱ्यात पुरायला नको, आणि देवळाच्या जीर्णोद्धारात ती ट्रॅक्टरमध्ये घालून ओढ्याकडे जायला नको. शेवटचं हे उगाच म्हटलेलं नाही. जुन्या देवळाची जागा आरसीसी देवळाने घेतली की अशा शिळा सगळ्यात आधी ‘अडचण’ होतात. शंभर वर्षांहून जुनी कोरीव शिळा १९७२ च्या पुरावस्तूविषयक कायद्याखाली पुरावस्तू ठरते, कोणी विकत मागायला आला तर त्याला हे सांगा आणि त्याच्या गाडीचा नंबर लिहून ठेवा.

घोडेबाव मात्र मेमध्ये खुशाल घ्या, पाणी तळाला गेलेलं असतं. काम सुरू करण्याआधी आत माणूस उतरवताना पेटता कंदील दोरीने खाली सोडून बघा. विझला तर उतरायचं नाही. न विझला तरी कंबरेला दोर आणि वर दोन माणसं हवीत. डिझेल किंवा पेट्रोल पंप बावीच्या आत पायरीवर ठेवू नका, त्याच्या धुराने आतली माणसं बेशुद्ध होऊन मेल्याच्या घटना सगळ्यांना माहीत असतात आणि तरी ठेवतात. गाळ थेट शेतात टाकू नका. बाहेर ताडपत्रीवर पसरून दोन दिवस वाळू द्या आणि चाळा. भांडी, नाणी, मूर्तीचे तुकडे निघतात. नाण्यांचा हंडा वगैरे निघालाच तर तो वाटून घेण्याची वस्तू नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचा जमिनीत सापडलेला ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावा लागतो. पंचनामा करून घ्या, त्यात गावाचीच अब्रू आहे.

बावीच्या भिंतीत उगवलेले पिंपळ-वड ओढून उपटायचे नाहीत, मुळाबरोबर चिरे येतात. करंगळीएवढी रोपं पावसाळ्यात हाताने निघतात, तेव्हाच काढा, दर वर्षी. मनगटापेक्षा जाड खोड असेल तर ते भिंत फोडतही असतं आणि धरूनही ठेवत असतं, तिथे जाणकार अभियंत्याला विचारल्याशिवाय करवत नको.

राहिला तट. तो केंद्र किंवा राज्य संरक्षित आहे का, हे आधी पुरातत्त्व विभागाकडून लेखी घ्या. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग केंद्र संरक्षित आहेत आणि २०२५ मध्ये ते जागतिक वारसा यादीतही गेले, पण त्यांच्याच काठाकाठाने उभे असलेले कितीतरी लहान कोट, बुरूज, चौक्या कुठल्याच यादीत नाहीत. केंद्र संरक्षित असेल तर स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर बांधकामबंदी आणि त्यापुढे २०० मीटर परवानगीने, हा २०१० नंतरचा नियम आहे. तिथे गावाने एक दरजसुद्धा (दोन चिऱ्यांमधली फट) भरायची नाही. संरक्षित नसेल तरी किनारा नियमन क्षेत्राचे नियम बघावे लागतात, पुरातत्त्वीय महत्त्वाच्या जागा त्यात सगळ्यात कडक वर्गात येतात.

परवानगी मिळाली आणि दरजा भरायच्याच असतील तर सिमेंट नाही, चुना. कारण साधं आहे. सिमेंट जांभ्यापेक्षा कडक आणि आवळ असतं, आत शिरलेलं खारं पाणी दरजेतून बाहेर पडू शकत नाही, ते चिऱ्यातून बाहेर पडतं आणि बाष्प होताना मीठ चिऱ्यातच फुलतं. दहा-पंधरा वर्षांनी सिमेंटची जाळी तशीच उभी असते आणि तिच्या चौकटीतले चिरे बोटभर आत झिजलेले असतात, किनाऱ्यावरच्या कुठल्याही दुरुस्त केलेल्या भिंतीपाशी जाऊन बघा. चुना कळीचा घेऊन विझवा आणि पाण्याखाली किमान महिनाभर मुरवा, जास्त मुरला तर चांगलाच. एक भाग चुना, दोन ते तीन भाग धुतलेली नदीची वाळू. ओल असलेल्या जागी एक भाग चुना, एक भाग सुरखी (विटांची पूड), दोन भाग वाळू. पुळणीवरची वाळू अजिबात नको, तिच्याबरोबर मीठ आत जातं. दरज जेवढी रुंद त्याच्या दुप्पट तरी खोल साफ करा, पाणी मारून ओली करा, आणि अर्ध्या इंचाच्या थरांनी भरा. वर ओलं गोणपाट दोन आठवडे. इथेच तुमच्या मे महिन्याची अडचण आहे. मेच्या उन्हात चुना पकडण्याआधीच सुकून भुकटी होतो, आणि उरलेला जूनच्या पहिल्या पावसात धुऊन जातो. चुन्याचं काम ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत. मेमध्ये चुना विझवून मुरायला ठेवा, दिवाळीला वापरायला तयार.

पर्यटक शेवटी येतात, आणि यावेतच, कारण ज्या जागेकडे कोणी फिरकत नाही तिथे चिरेखाणवाल्याला विचारणारंही कोणी नसतं. गाड्या सड्याच्या कडेलाच थांबवा, त्यासाठी दोन मोठे दगड पुरतात. तिथून पुढे पायवाट बाहेरून आणलेल्या सुट्ट्या जांभ्या दगडांच्या दोन ओळींनी आखा, चार फूट रुंद, आकृत्यांपासून दोन-तीन मीटर बाजूने जाणारी. मोठी आकृती जमिनीवरून कळत नाही, म्हणून माणूस चित्रावर चढतो. त्याला चढू द्यायचं नसेल तर एका बाजूला कातळ न फोडता नुसता टेकवून ठेवलेला पाच-सहा फूट उंच लोखंडी किंवा लाकडी मंच द्या. फलक चित्राशेजारी नको, वाटेच्या सुरुवातीला. त्यावर आकृतीचं रेखाचित्र, दिशा, ‘रेषांवर पाय देऊ नका, काही भरू नका’, आणि सोबत येणाऱ्या गावातल्या वाटाड्याची सोय. ज्या आकृत्यांना अजून राखण नाही त्यांचं नेमकं ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नका, नोंदवहीत आणि खात्याकडे असलं की पुरे. वाटाडे म्हणून गुराख्यांची पोरं घ्या आणि त्यांना टॉर्च कसा धरायचा ते आधी शिकवा.

या मेपुरतं काम धरायचं तर एवढं: हिस्सेदारांची बैठक, १ मेचा ठराव, बावीचा गाळ, चुना मुरत घालणं, आणि दोन रात्री टॉर्च घेऊन सड्यावर. मोजमापं आणि गडगा दिवाळीनंतर. पहिला जोराचा पाऊस पडेल तेव्हा मात्र कोणीतरी एकाने छत्री आणि कागद घेऊन वर गेलंच पाहिजे.